मागच्या अंगणातली दुपार

आई गेली त्या दिवसाची दुपार आमच्या मागच्या अंगणातून अजून गेलेली नाही. घराच्या पुढच्या बाजूला सगळं रीतसर चालतं. सकाळी दूधवाला येतो, संध्याकाळी दिवे लागतात, थंडीत शेजारपाजारचे कानाला रुमाल बांधून फिरतात. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की मात्र सोलापूरचं चैत्रातलं ऊन, टाळू तापवणारं. त्या उन्हात अण्णा, म्हणजे माझे वडील, खुर्ची टाकून बसलेले असतात. आई ताक आणायला आत गेलीय आणि ते तिची वाट बघतायत.

आईचा आवाज तिथे ऐकू येतो. "आले हं, थांबा जरा," असं ती आतून म्हणते. रवी फिरते, बांगड्या वाजतात. मी आत गेले की स्वयंपाकघरात कुणी नसतं, ओट्यावर माझाच सकाळचा कुकर असतो. बाहेर आले की रवी पुन्हा सुरू. सुरुवातीला मी सारखी आत-बाहेर करायचे, मग सोडून दिलं. बँकेतून आले की मी अण्णांच्या शेजारी पायरीवर बसायचे आणि ऐकत राहायचे. मलाही ती हवीच होती, खोटं कशाला बोलू.

अडचण अण्णांची होती. ते वाळत चालले होते. आधी हात कुरडईसारखे पांढरे आणि हलके झाले, मग खांदे. यंदाच्या दिवाळीपर्यंत मी त्यांना खुर्चीसकट एका हाताने उचलू शकत होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्या मांडीवर वरवंटा ठेवायला लागले. आत चला म्हटलं तर म्हणायचे, "ती ताक घेऊन यायची आणि मी जागेवर नसायचो. बरं दिसतं का ते?"

डॉक्टर मागच्या दाराने आले, घाम पुसत त्यांनी अण्णांची नाडी बघितली. मनगट कडकन वाजलं तसा त्यांनी हात सोडला.

"याला औषध नाही," ते मला म्हणाले. "सावली करा. लवकर करा."

म्हणून मी बिराजदारांना बोलावलं. त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, आमच्या बँकेत खातं आहे. ते टेप घेऊन आले आणि त्यांनी अंगण मापलं. त्या उन्हाचं त्यांना काही वाटलं नाही. वेल्डिंगवाल्याला ऊन काय नवीन.

"लाकडी पर्गोला, म्हणजे वेलाचा मांडव करा ताई," ते म्हणाले. "वर कृष्णकमळ सोडा. झकास दिसतंय बघा. नाहीतर पाइपाचा सांगाडा आणि वर पत्रा."

वेल चढेपर्यंत अण्णा राहिले नसते. मी पत्रा दाखवा म्हटलं. बिराजदारांनी नमुन्याचा तुकडा डोक्यावर धरला. त्याच्याखाली तेवढ्यापुरती संध्याकाळ झाली आणि डास आले. मी वाकून त्याखाली उभी राहिले. गार वाटलं, आणि आईची रवी बंद पडली. बाहेर आले, रवी सुरू. पुन्हा वाकले, बंद.

"माल चांगला आहे," बिराजदार म्हणाले. "ऊन म्हणून येत नाही."

सौदा काय आहे ते मला तिथेच कळलं. पत्र्याखाली अण्णा जगणार होते आणि आई जाणार होती. मी बिराजदारांना म्हटलं, एवढं माझ्या बजेटमध्ये बसत नाही. ते खरंही होतं. अंगण मोठं होतं आणि माझी मुदतठेव छोटी.

पुढच्या रविवारी कंपाउंडच्या भिंती आत सरकलेल्या होत्या. बिराजदारांनी पुन्हा मापं घेतली आणि आकडा खाली आणला. मी पन्हाळ लावून द्या म्हटलं, पंख्याचा पॉइंट वाढवा म्हटलं, कडेला नक्षीची पट्टी हवी म्हटलं. भिंती आणखी आत आल्या. लिंबाचं झाड भिंतीला चिकटून पानासारखं सपाट झालं. मी रंग महागातला सांगितला. भिंतींनी तेवढंही कापून घेतलं.

"तुमचं काम दर खेपेला स्वस्त होतंय," बिराजदार म्हणाले. "असं गिऱ्हाईक आयुष्यात पहिल्यांदा बघतोय."

शेवटी अंगण अण्णांच्या खुर्चीभोवती येऊन उभं राहिलं, आणि आकडा बजेटच्या पुष्कळ आत गेला. त्या दिवशी अण्णांनी मला हाक मारली. ती मला पत्रावळी सरकल्यासारखी ऐकू आली. माझ्याकडे आता सबब उरली नव्हती. मी बिराजदारांना सगळे पैसे देऊन टाकले.

माल आला त्या सकाळी अण्णा अडून बसले.

"पहिला खांब सवाष्णीच्या हातचं हळद-कुंकू लागल्याशिवाय उभा राहत नाही," ते म्हणाले. "तसाच उभा करायची आपल्याकडे पद्धत नाही."

माझं लग्न झालेलं नाही. मी शेजारच्या कोनापुरे काकूंना बोलावलं. त्या बिचाऱ्या काठपदराची साडी नेसून, तबक घेऊन लगेच आल्या. त्यांनी मागच्या दारात पाऊल टाकलं आणि अण्णा म्हणाले, "घरची सवाष्ण आत असताना तुम्हाला कशाला त्रास, वहिनी?"

आतून आई म्हणाली, "हात ताकाचे आहेत हो. धुते आणि येते. तबक तेवढं ठेवून घ्या."

कोनापुरे काकूंनी माझ्याकडे बघितलं. तबक ओट्यावर ठेवलं, डोळ्याला पदर लावला आणि पुढच्या दाराने निघून गेल्या. मी त्यांना थांबवायला हवं होतं. कुंकू त्यांच्या हातचं लागलं असतं तर आई नाही हे आम्ही सगळ्यांनी मान्य केलं असतं, आणि मग पुढचं पुढे. पण अण्णांसमोर ते माझ्याच्याने झालं नाही.

"खांब उभे करून घ्या," अण्णा बिराजदारांना म्हणाले. "ती आली की पूजा करेल. तिला घाई केलेली आवडत नाही."

असं आमच्याकडे उलटं झालं, आधी खांब आणि पूजा नंतर.

बिराजदार पलीकडच्या भिंतीकडून पत्रे टाकत आले. एकेका पत्र्यासरशी संध्याकाळ पुढे सरकत होती. ती अण्णांच्या चपलांवर आली, गुडघ्यांवर आली. जिथे येईल तिथे त्यांना ओल धरत होती. हात भरले, गाल वर आले. त्यांनी मांडीवरचा वरवंटा स्वतःच्या हाताने उचलून खाली ठेवला. मला इतका आनंद झाला की मी तोंडावर हात धरला.

"बास," मी बिराजदारांना सांगितलं. "दारापाशी एवढं राहू द्या."

"पत्रा उरलाय की. पैसे दिलेत तुम्ही त्याचे."

"राहू द्या. स्वयंपाकघरात उजेड लागतो."

दारासमोर उन्हाचा एक पट्टा राहिला. मी त्यात उभी होते, म्हणून मला रवी ऐकू येत होती. अण्णा माझ्यापासून हातभर अंतरावर, संध्याकाळी बसले होते.

"कुमुद," ते म्हणाले. आवाज त्यांचा जुना, भरदार होता. "तुझी आई जाऊन किती वर्षं झाली गं?"

"बरीच झाली, अण्णा."

ते रडायला लागले. एवढ्या काळात पहिल्यांदा. रडायला लागतं तेवढं पाणी आता त्यांच्यात होतं. बराच वेळ रडले, मग धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि माझ्या दिशेने डोळे बारीक करून बघितलं.

"तेवढं ऊन कशाला ठेवलंय? डोळ्यांवर येतंय. तोही पत्रा टाकून घे."

माझ्या मागे रवी थांबली. दाराची कडी वाजली आणि आई बाहेर आली. तिच्या हातात कोनापुरे काकूंचं तबक होतं, हात नुकतेच धुतलेले, ओले. तिने मला खालून वरपर्यंत बघितलं.

"किती वाळलीस गं कुमे," ती म्हणाली. मग कपाळावर आडवा हात धरून सावलीकडे बघायला लागली. "काही दिसत नाही बाई या उन्हाचं. अहो, कुठे गेलात? खांब कुठला त्यातला पहिला?"

"कुमुद, काय म्हणतोय मी?" अण्णा म्हणाले. ते सरळ तिच्याकडे बघत होते आणि त्यांना फक्त ऊन दिसत होतं.

अण्णांचं ऐकून बिराजदार शिडीवर चढले होते. शेवटचा पत्रा त्यांनी सांगाड्यावर टेकवला होता आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"ताई, जड आहे," ते वरून म्हणाले. "टाकू ना?"

मी तोंड उघडलं. पत्रा त्यांच्या हातातून थोडा घसरला. सावलीची कड आईच्या पायाच्या बोटांवर आली. तिने बोटं मागे घेतली, तबक छातीशी धरलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.