मी सध्या गुरू ग्रहाचं काम करतो

मित्रांनो, मी एका जुन्या लाउडस्पीकरमधला चुंबक आहे आणि सध्या गुरू ग्रहाचं काम करतो.

काळ्या भुकटीची वडी दाबून, भट्टीत भाजून मला घडवलं. कोळवण खोऱ्यातली वीस वर्षांची लग्नं मी गाजवली. लोक गाण्याला नावाजत. मला कोण बघतंय? स्पीकर फाटले तसे मी आणि माझा जोडीदार, दुसऱ्या स्पीकरमधला चुंबक, गोठ्याच्या कोनाड्यात जाऊन पडलो.

तिथून आम्हाला नववीतल्या क्षितिजाने काढलं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला एकच प्रयोग पौडला, तालुक्याला जाणार होता. तो आपलाच, असं तिने मनाशी धरलं होतं. नदीच्या वाळूत मला फिरवून तिने काळे लोहकण जमवले.

गुरूभोवती चुंबकीय क्षेत्राचा अवाढव्य फुगा असतो. डोळ्यांना दिसला असता, तर आपल्या आकाशात चंद्राहून मोठा दिसला असता! सूर्याकडून येणारा वारा स्वतःचं चुंबकीय क्षेत्र घेऊन त्याच्या सीमेवर आदळतो. दोघांच्या दिशा उलट पडल्या, की रेषा तुटतात, एकमेकींशी नव्याने जुळतात आणि प्रचंड ऊर्जा मोकळी होते. मी गुरू, जोडीदार वारा. कुणाला कसं बसवायचं ते चुकू नये म्हणून तिने दोघांच्या उत्तर ध्रुवाला कुंकू लावून ठेवलं.

मध्येच खंडेनवमी आली. तिच्या आत्याने, सारजाबाईने, कोयत्या-विळ्यांबरोबर आम्हालाही धुऊन, नवं कुंकू लावून पुजलं.

प्रदर्शनात क्षितिजाने कुंकू बघून आम्हाला पुठ्ठ्याखाली समोरासमोर बसवलं. वर कण भुरभुरले. रेषा जुळायला हव्या होत्या, त्या मधूनच फाकल्या.

"गुरूचं नि वाऱ्याचं वाजलंय," वर्गातला शंभू म्हणाला.

परीक्षक हेमलताबाई पुढच्या टेबलाकडे वळल्या. क्षितिजाने प्रदर्शन बघायला आलेल्या आत्याकडे पाहिलं. "आत्ये, कुंकू कुटं लावलंस?"

"वर दिसलं त्या अंगाला. लोखंडाला कसली उत्तर नि कसली दक्षिण?"

"बाई, थांबा. दिशा उलट नसल्या, की सीमा बंद राहते, असंच दिसतं. आता वारं दिशा बदलतंय." तिने जोडीदाराला उलटा केला, पुठ्ठ्यावर टिचकी मारली. कण थरारले, उभे राहिले, आणि माझ्यातून निघालेल्या रेषा थेट त्याच्यात शिरल्या. इतकी लग्नं पाहिली, पण असं काही अंगात कधी शिरशिरलं नव्हतं.

"आणि ऊर्जा?" बाईंनी विचारलं.

"ती हितं न्हाई दिसत. आधीचं नि नंतरचं तेवढंच दाखवता येतं."

"खरं बोललीस. पुन्हा फिरव बघू."

तीनदा फिरवून झाल्यावर बाईंनी वहीत तिच्या नावापुढे 'पौड' लिहिलं.

मित्रांनो, आपटलं, तापवलं की चुंबकाचं बळ ओसरतं. आमच्यासारख्यांना जपून हाताळा. पौडच्या एसटीत क्षितिजाने मला ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतलंय. प्रत्येक खड्ड्याला ती हात घट्ट करते.