ओला नमुना

बाबांनी जावयाचा निरोप तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचला. निरोप कसला, दोन शब्द. ‘काळजी घे.’

“यात ‘ये’ नाही, हे लक्षात घ्या,” ते म्हणाले. जन्मभर त्यांनी कॉलेजात कविता शिकवली होती. लिहिलेल्या ओळीपेक्षा न लिहिलेल्या ओळीत त्यांना जास्त सापडायचं.

थोरली नवऱ्याचं घर सोडून आली त्याला आठवडा झाला होता. सुट्टीचा दिवस गाठून सगळे जमले होते. धाकटा भाऊ एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या खरेदीचे आकडे बघून पुढं कोण काय घेईल ते सांगायचा. त्यानं लॅपटॉप उघडला आणि ताईला लग्नाच्या प्रत्येक वर्षाला दहापैकी गुण द्यायला सांगितले, म्हणजे उतार नेमका कुठून लागला ते दिसेल. तिनं दुसऱ्या वर्षाला सात दिले, मग सहा कर म्हणाली, मग पुढचे गुणच देईना. आत्या समुपदेशक. तिचा सगळा भर लहानपणावर. हळुवारपणे विचारत विचारत ती इतकी मागे गेली, की शेवटी दोष वहिनीच्याच, म्हणजे आईच्याच, पदरात पडला. बाबा याला विश्लेषण म्हणत, धाकटा अॅनालिसिस, आणि आत्या नुसतं ‘बोलूया का आपण?’

सगळ्यांची तिच्यावर माया होती, हीच पंचाईत. खवचटपणे विचारणाऱ्याला तोंडावर गप्प करता येतं. मायेनं विचारणाऱ्याचं काय करायचं?

आई तेवढी काही विचारत नव्हती. थोरली आली तेव्हा तिनं बॅग हातातून घेतली आणि आधी जेवून घे म्हणाली. मग रोज सकाळी ती माती तपासायच्या प्रयोगशाळेत जायची, संध्याकाळी नखांत माती घेऊन यायची, आणि भाजी कुठली करू, याच्यापुढे तिची चौकशी जायची नाही. थोरलीनं आपल्या परीनं अर्थ लावला होता. आईला हे पसंत नाही.

आत्या आणि धाकटा गेल्यावर थोरली स्वयंपाकघरात आली. आई कपबश्या विसळत होती.

“मैत्रिणीकडे एक खोली रिकामी आहे. उद्या जाते तिकडे.”

“का? इथे काटे टोचतात?”

“तुला पटलेलं नाही, आई. कळतं मला. सगळ्यांनी विचारलं. तू एका शब्दानं नाही.”

आईनं नळ बंद केला. हात पुसले, आणि कोरडे झाले तरी पुसत राहिली.

“आमच्याकडे शेतातनं माती येते ना,” ती म्हणाली, “ती आल्या आल्या तपासत नाहीत. ओल्या मातीचे आकडे चुकतात. कागदावर पसरून सावलीत ठेवायची. उन्हात नाही, भट्टीत तर नाहीच. आणणारा किती का घाई करेना.”

थोरलीला गेला आठवडा आठवला. दुपारचं ऊन यायच्या आधी, सकाळीच कुणीतरी ओढून ठेवलेले पडदे. उशाशी भरलेला पाण्याचा तांब्या. फोन आला की आईचं ‘झोपलीय ती’, आणि ती तर शेजारीच टक्क जागी.

“म्हणजे मी आठवडाभर वाळत होते?”

“अजून दमट आहेस.”

थोरलीला हसू फुटलं. आल्यापासूनचं पहिलंच, तिचं तिलाच परकं वाटलं.

“आणि वाळल्यावर?”

“मग ढेकळं फोडायची, चाळायची. तुझी तू. मी फार तर चाळणी धरीन.”

बाहेरच्या खोलीतून बाबांची हाक आली. “अगं, पेपर कुठे गेला?”

“तुमच्याच मांडीखाली.”

पेपर सळसळला. मग, “हो की.”

थोरली तिकडे बघत राहिली, मग आईकडे वळली. खालच्या आवाजात म्हणाली,

“तुझं तू कधी तपासलंस, आई?”

आईनं एक कप उचलला. स्वच्छच होता तो, तरी पुन्हा विसळला.

“शेतात पीक उभं असताना नमुना काढत नाहीत गं,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं होतात ना.”

“आता?”

बाबा पेपर वाचता वाचता स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. आईनं तो आवाज जरा वेळ ऐकला.

“दार लोटून घे,” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.