जबडा

तिने दात आवळले. कानशिलावरचा स्नायू टम्म फुगला, जेलमध्ये टेकलेलं यंत्राचं बोट सरकलं आणि पडद्यावरची लाट विझली. तिच्याच मेंदूतल्या रक्ताचा तो सूंऽ सूंऽ आवाज मध्येच तुटला. मशीन बारीक टींटीं करू लागलं.

"पुन्हा हरवली," मशीनवाली मुलगी म्हणाली. "मॅडम, जबडा सैल सोडा. बोलायचं नाही, मान हलवायची नाही."

स्टुलावर बसलेला भाऊ खाकरला आणि यंत्र पुन्हा शोधाला लागेपर्यंत थांबला.

डोक्यात रक्तस्राव होऊन आठवडा झाला होता. रक्त थांबलं होतं, पण खरा धोका आता होता. मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि चिमटलेल्या नळीतून पाणी जोरात उडावं तसा रक्ताचा वेग चढतो. हातपाय लुळे पडायच्या आत तो चढ पकडायचा, म्हणून रोज तिचं डोकं यंत्राच्या या खोबणीत. दोन्ही कानशिलांवर दोन यांत्रिक हात हाडातली पातळ जागा आपली आपण हुडकायचे आणि रक्तवाहिनी सापडली की तिला धरून राहायचे. काल वेग चढा आला होता. आज आणखी चढला तर तिला पुन्हा ऑपरेशन थिएटरात घेणार होते. डॉक्टरांनी हे तिला तोंडावर सांगितलं होतं, कारण तिने तोंडावर विचारलं होतं.

पन्नाशीच्या या बहिणीला गप्प बसवणं भावाला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. ते या यंत्राने करून दाखवलं, आणि हे त्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तेव्हापासून एरवी तो बाहेर फेऱ्या मारायचा आणि मशीन लागलं की स्टूल ओढून बसायचा. काल त्याने सांगून टाकलं की तिच्या घराची किल्ली वहिनीने आणली आहे, हॉलमधली कॉट तिच्यासाठी रिकामी केली आहे, एकटं राहणं आता बंद. बाई आजारी पडली की तिचं उरलेलं आयुष्य घरचे आपसात वाटून घेतात आणि त्याला काळजी म्हणतात. तिने तेही ऐकून घेतलं. आज गाडीची पाळी होती.

गाडी तिच्या ड्रायव्हिंग स्कूलची, दोन ब्रेकची: एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक तिच्या. शिकवणारीच्या सीटवर बसून तिने निम्म्या गावाला स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. पोरं तिला ब्रेकबाई म्हणायची. ते नाव तिने पदवीसारखं मिरवलं. डोक्यातली शीर फुटली तीही त्याच सीटवर. गाडी चालवत होती साठीतली एक विद्यार्थिनी, जी रोज इंडिकेटर विसरायची आणि रोज बोलणी खायची. त्या दिवशी तिने इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग बोंब ठोकली. भाऊ हे सगळ्यांना घाबरून सांगायचा: कुणाच्या अंगावर गेली असती म्हणजे? तिला मात्र ऐकताना हसू दाबावं लागायचं. त्या विद्यार्थिनीने एकही पायरी चुकवली नव्हती.

सूंऽ सूंऽ आवाज परत आला. भावाने आवाज खाली आणला.

"गिऱ्हाईक चांगलं आहे. संध्याकाळी गाडी न्यायला येतंय. तुझ्या भल्याचंच करतोय मी. तू गप्प आहेस, म्हणजे हो धरतो."

चादरीखाली तिचा उजवा पाय पलंगाच्या दांडीवर गच्च दाबला गेला. मग जबडा. लाट गेली. टींटीं.

मशीनवालीने हात झटकले. असं चाललं तर आजचा आकडा मिळणार नाही आणि डॉक्टर आपल्यालाच झाडतील, असं तिने दोघांना ऐकवलं. मग भावाला म्हणाली, काका, तुम्ही जरा बाहेर बसा.

भाऊ उठला. पलंगावरून एक बोट वर झालं.

"त्याला बसू दे," ती म्हणाली. जीभ अजून जड होती, पण शब्द सुटे आले. "मला एवढं बोलू दे, मग हवा तितका वेळ धर डोकं."

मुलीने यांत्रिक हात मागे घेतले.

"दादा, गाडी विकायची नाही. जाणार तर माझ्याच घरी. पाय लुळा पडला तरी बाजूला बसून ओरडता येतं मला. आता तू गप्प बस. गप्प बसलास, म्हणजे मीही हो धरते."

तिने स्वतःच डोकं खोबणीत टेकवलं. "लाव गं."

भावाने तोंड उघडलं. मुलीने पडद्यावरची नजर न काढता त्याच्याकडे तळहात रोखला. यंत्राची बोटं कानशिलांवर फिरली, अडली, सापडली. खोलीत सूंऽ सूंऽ भरून राहिलं. दार दोन पावलांवर होतं. तो गेला नाही. आवाज जरा चढला की त्याच्या हाताची मूठ व्हायची, उतरला की सुटायची. तिने डोळे मिटून घेतले होते आणि जबडा सैल ठेवला होता.

बऱ्याच वेळाने मुलीने यांत्रिक हात मागे घेतले. आकडा कालच्यापेक्षा वर नाही, बाकी डॉक्टर सांगतील, असं म्हणत जेल पुसलं आणि बोलायला हरकत नाही म्हणून सांगितलं.

भावाने स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"गाडीचा क्लच घसरतोय," तो म्हणाला. "कुणाकडे टाकतेस तू दुरुस्तीला?"