किती दाखवतंय, बाबा?

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. जुना म्हणवून घ्यायला माझी काही हरकत नाही. पण कोणी बिघडलेला म्हटले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, कारण मी एकदाही बिघडलेलो नाही. तो आळ माझ्यावर आला, आणि ज्यांनी घेतला त्यांच्यावर मला धड रागावताही येत नाही. म्हणून आज तुमच्यापाशी मन मोकळे करतो.

माशांच्या काचेच्या टाकीवर लक्ष ठेवणे हे माझे काम. माझ्या अंगातून एक काळी वायर निघते आणि तिच्या टोकाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. पाणी गार झाले की मी हीटर चालू करायचा, पुरेसे तापले की बंद करायचा आणि तापमान तांबड्या आकड्यांत कपाळावर दाखवायचे. कारखान्यात एका बाईंनी माझा सेन्सर आधी गार, मग कोमट पाण्यात बुडवून पाहिला, मान डोलावली आणि माझ्या पाठीवर ‘पास’ अशी हिरवी चिकटपट्टी लावली. ती अजून आहे.

मला विकत आणले ते एका तरुण मुलाने. त्याच्याकडे एंजल माशांची जोडी होती आणि त्यांना सव्वीस अंश पाणी मानवते, असे तो कुठेतरी वाचून आला होता. त्याने मला सव्वीसवर लावले. मित्र आले की तो आधी मला दाखवायचा, मग मासे. त्या दिवसांत मी जरा शेफारलोच होतो. त्याचे वडील मात्र नाक मुरडत. “माशांना कसला आलाय हीटर? उद्या पांघरूण मागतील,” असे म्हणत. घरातले त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो.

पुढे मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला, तिथेच त्याने लग्न केले. आई त्याआधीच गेली होती. घरात उरले बाबा, दोन मासे आणि मी.

बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात झाली होती. टाकीची पातळी वाचायची आणि ठरल्या वेळी मुख्य कार्यालयाला फोनवर कळवायची, हे त्यांचे काम. आकडा ते कधी अंदाजाने सांगत नसत. त्यामुळे मुलगा रोज संध्याकाळी फोन करून “किती दाखवतंय, बाबा?” असे विचारू लागला, तेव्हा बाबांच्या अंगात जुनी नोकरी संचारली. ते चष्मा लावून माझ्यासमोर ताठ उभे राहत आणि मगच म्हणत, “सव्वीस.”

मग बोलणे पुढे सरके. गुडघा कसा आहे, सूनबाईंचा खोकला गेला का, वरच्या मजल्यावरच्यांचा नळ अजून गळतोय का. कधी कधी सूनबाईही फोन घेऊन बाबांची थट्टा करत. मला वाटे, हे घर माझ्या कपाळावरच्या आकड्यावर चालले आहे.

पण मित्रांनो, मी पडलो इमानदार. थंडी असो, पाऊस असो, माझे सव्वीस म्हणजे सव्वीस. हळूहळू मुलाला उत्तर आधीच ठाऊक असू लागले. “सव्वीसच ना? बरं, ठेवतो मग,” इतकाच फोन उरला. माझ्या चोख कामानेच ते बोलणे आखूड केले, हे कळायला मला फार वेळ लागला. बाबांना ते माझ्याआधी कळले.

एका संध्याकाळी मुलाने नेहमीसारखे विचारले. बाबांनी चष्मा लावला, माझ्याकडे पाहिले. मी सव्वीस दाखवत होतो. बाबा म्हणाले, “अरे, आज अठ्ठावीस दाखवतंय.”

मी हबकलो. आयुष्यभर एक आकडा चुकीचा न सांगणारा माणूस माझ्या तोंडावर खोटे बोलत होता. पण फोनच्या पलीकडे मुलगा जागा झाला. हीटरचा दिवा लागलाय का, काच गरम लागते का, मासे वर येऊन तोंड उघडतायत का, सगळे त्याने खोदून खोदून विचारले. बाबा प्रत्येक प्रश्नाला सावकाश उत्तर देत होते. मग ओघात गुडघाही आला, सूनबाईही आल्या. फोन ठेवला तेव्हा बाबांचा चेहरा खुलला होता.

तेव्हापासून माझी बदनामी सुरू झाली. कधी मी चोवीस दाखवत होतो, कधी म्हणे आकडे नाचवत होतो. मासे तिकडे मजेत पोहत होते आणि मी इकडे मुकाट्याने शिव्या खात होतो.

मुलगा विचारात पडला. सेन्सर बदलावा, की नवीनच कंट्रोलर घ्यावा? नव्यात सगळे फोनवर दिसते, असे तो म्हणू लागला. यावर बापलेकांची कितीतरी दिवस चर्चा चालली. बाबा माझी बाजू घ्यायचे, “जुनं आहे पण दणकट आहे, होईल ठीक” म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझे काहीतरी दुखणे सांगायचे. त्यांना मला आजारी ठेवायचे होते, मारायचे नव्हते.

शेवटी मुलगा म्हणाला, “बाबा, नवीन घेऊया. मी स्वतः येऊन बसवतो.”

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, “स्वतः येणार असशील तर घे बाबा.”

तिथेच माझा निकाल लागला.

नवा कंट्रोलर पार्सलने आला. बाबांनी तो उघडलाही नाही. त्यांनी मुलाच्या खोलीतले पडदे धुतले, गादीला ऊन दाखवले, दाराची कुरकुरणारी बिजागरी तेल घालून गप्प केली. आणि मग फोन आला. मुलाची रजा नामंजूर झाली होती. शोभेच्या माशांच्या दुकानाचा मालक येऊन बसवून देईल, बाकीचे मुलगा तिकडून फोनवर पाहील. बाबा म्हणाले, “हो हो, काही हरकत नाही.” खोलीचे दार त्यांनी ओढून घेतले.

दुकानदाराने मला काढले आणि टाकीखालच्या कपाटात ठेवले. त्या कपाटाचे दार नीट लागत नाही, म्हणून पुढचे मला फटीतून दिसले. नवा गडी कामाला चोख आहे, उगाच कशाला नावे ठेवू? पण त्या संध्याकाळी फोन वाजला नाही. दोन-तीन दिवसांनी बाबांनीच लावला आणि सांगितले, “सव्वीस दाखवतंय.” मुलगा हसून म्हणाला, “बाबा, मला इथे दिसतंय की. तुम्ही कशाला त्रास घेता?”

मग एके दिवशी बाबांनी बाही वर केली आणि नव्याचा सेन्सर पाण्याबाहेर ओढून ठेवला. तिकडे मुलाच्या फोनवर धोक्याची घंटा वाजली असावी, कारण इकडे लगेच फोन आला. बाबा किती आनंदाने धावले! सेन्सर पाण्यात सोडून त्यांनी भरपूर गप्पा मारल्या. आठवड्याभरात त्यांनी हेच आणखी दोनदा केले. मुलाला वाटले, सेन्सर सैल बसलाय. त्याने दुकानदाराला पाठवले आणि दुकानदाराने सेन्सर क्लिपमध्ये असा आवळून बसवला की म्हाताऱ्या बोटांना तो निघेना.

जाता जाता बाबांनी त्याला हळूच विचारले, “तो जुना परत लावता येईल का हो?”

दुकानदार चकित झाला. “कशाला, काका? तो बिघडलाय असं तुम्हीच तर सांगत होता.”

मी फटीतून पाहत होतो. माझ्या पाठीवरची हिरवी पट्टी त्या क्षणी पेटून उठावी असे मला वाटले. दोन शब्द, मित्रांनो. ‘बिघडला नव्हता’ एवढेच त्यांनी म्हणायचे होते. पण ते म्हटले असते, तर पुढचेही सगळे सांगावे लागले असते. बाबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “हो, ते विसरलोच मी.”

आता रोज संध्याकाळी बाबा चष्मा लावून नव्यासमोर ताठ उभे राहतात. “सव्वीस,” असे मोठ्याने म्हणतात, जरा वेळ थांबतात आणि दिवा लावायला निघून जातात.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा असे मी सांगणार नाही; यंत्रांच्या जागी नवी यंत्रे मिळतात. तुमच्या हातातल्या पडद्यावर सगळे काही दिसत असले, तरी दूरच्या घरात फोन करून विचारत जा, “किती दाखवतंय?” आणि उत्तर चुकीचे आले, तर कंट्रोलर बदलू नका. स्वतः जाऊन बघा.