भुवयांतला होकार

वन्संच्या डाव्या कानाखाली एक गाठ होती. लिंबाएवढी, गुळगुळीत, बोटाखाली सरकणारी. ती कधी दुखली नाही, कधी पिकली नाही. वन्सं अंबाड्यात लाल फूल खोवायच्या आणि फुलाखाली ती गाठ दागिन्यासारखी मिरवायच्या. माझ्या लेकीच्या, लुपेच्या, डाव्या कानाखालीही वाटाण्याएवढं काही हाताला लागलं तेव्हा सासरच्या माणसांना आनंदच झाला.

"आत्यावर गेली पोर! आत्याची खूण घेऊन आली!"

आमच्या टोंगात यापेक्षा मोठं कौतुक नाही. भावाच्या घरात बहिणीचा मान सगळ्यांत वरचा. मुलांची नावं ती ठेवणार, लग्नातली उत्तम चटई तिच्यापुढे अंथरणार, आणि मुलाच्या अंगाला सुरी लागायची तर तिच्या होकाराशिवाय लागणार नाही.

रविवारी चर्चला जाण्याआधी मी लुपेच्या वेण्या घालते. केस विंचरावेत, तेल चोळावं, गालावरून हात फिरवावा. ख्रिसमसला हाताला लागलेला वाटाणा ईस्टरला सुपारीएवढा झाला. वन्संची गाठ सरकायची, ही रुतून बसली होती. शेजारणी म्हणाल्या, गालगुंड असेल. गालगुंड काय ईस्टरपर्यंत राहतं?

मी तिला डॉक्टर तोआकासेकडे नेलं. ही आमच्या शेजारच्याच गावची. फिजीत शिकली, न्यूझीलंडच्या मोठ्या दवाखान्यात हात तयार केला आणि परत आली. तिनं लुपेला कैरीची फोड मीठ लावून दिली.

"खा. दुखतं? फुगतं?"

"नाही. अजून एक द्या."

"लाळेच्या नळीत खडाही नाही मग, गालगुंडही नाही." तिनं लुपेला हसायला लावलं, गाल फुगवायला लावले, डोळे गच्च मिटायला लावले, भुवया उंचवायला लावल्या. यंत्रावर गाठ पाहिली. बारीक सुई घालून आतलं थेंबभर काढलं आणि विमानानं तपासायला पाठवलं.

उत्तर आलं तेव्हा तिनं माझा हात हातात घेतला. "फुसी, लाळेच्या ग्रंथीतली गाठ आहे. कॅन्सरची आहे. थांब, रडू नकोस, पुढचं ऐक. मंद जातीची आहे. आत्ता पुरती काढली तर बहुतेक पोरी म्हाताऱ्या होतात आणि नातवंडांवर ओरडतात. पण आत्ता. पुढच्या ख्रिसमसला नाही."

माझा नवरा सिओसाइआ सगळं ऐकून फणसाच्या झाडाखाली जाऊन बसला. "ताईला तू विचार," एवढंच म्हणाला. भाऊ बहिणीशी असलं दुखण्याखुपण्याचं बोलत नाही. ती जिथे निजली असेल त्या खोलीत पाऊलही टाकत नाही. दोघांमधली दोरी मीच.

वन्सं ओसरीवर चटई विणत होत्या.

"वन्सं, लुपेची गाठ कापायला हवी म्हणतात."

"माझी कापली कुणी? मेले का मी?"

"तुमची वेगळी, वन्सं."

"हो का! डॉक्टरीण झालीस? काल अळूच्या पानांत मांस बांधलंस, ते कच्चं राहिलं. पोरीच्या गालातलं मात्र तुला कळतं."

लेकीचा जीव त्यांच्या एका शब्दात अडकला होता आणि शब्द काही सुटेना.

दुसऱ्या दिवशी तोआकासे स्वतः आली. मोठ्यांपुढे जाताना आम्ही गुंडाळतो तशी कमरेला मानाची चटई गुंडाळून ती वन्संसमोर जमिनीवर बसली.

"तुमची गाठ सरकते, हिची रुतलेली आहे. तुमची वर्षानुवर्षं तेवढीच, हिची चार महिन्यांत वाढली. दुखत नाही, हाच तिचा लबाडपणा."

वन्संची बोटं विणायची थांबली. "आणि चेहरा?"

"चेहऱ्याची नस त्याच ग्रंथीतून जाते. पुढे पंजासारखी फाकते. एक बोट भुवईला, एक डोळ्याला, एक गालाला, एक ओठाला, एक गळ्याकडे. मी आधी नस शोधते, मगच गाठीला हात लावते. नसेच्या जवळ गेलं की यंत्र आवाज करतं."

"चुकलीस तर पोरीची भुवई पडेल," वन्सं हळूच म्हणाल्या. "हो कशानं म्हणेल ती?"

तेव्हा मला कळलं की वन्सं हट्टानं नाही, भीतीनं अडल्या होत्या. आमचा 'हो' तोंडात नसतो. तो भुवयांत राहतो. भुवया उचलल्या की आईनं जेवण वाढावं आणि पोरानं पोरीला मागणी घालावी.

"नाही चुकणार," तोआकासे म्हणाली. "शिवाय तुमचीही काढायची आहे. अशी गाठ फार वर्षं ठेवली तर कधीकधी बिघडते."

दारातून लुपे ओरडली, "आत्याची नाही काढली तर मीपण नाही!"

वन्संनी चटई बाजूला सारली. "या घरात आत्याच्या आधी भाची काही करत नाही. आधी मी निजेन."

"मग सोमवारी तुम्ही, गुरुवारी ती. त्याहून उशीर चालणार नाही."

वन्संनी दोन्ही भुवया उचलल्या.

सोमवारी त्या मानाची चटई नेसूनच शस्त्रक्रियेला निघाल्या. नर्सनं सोडायला सांगितली तर म्हणाल्या, "नस शोधता येते ना तुम्हांला? मग चटईतून मलाही शोधा." शेवटी मीच ती सोडून मांडीवर घेऊन बसले.

त्या शुद्धीवर आल्या तेव्हा ओठाचा डावा कोपरा जरा उतरला होता. मी पदरानं तो कोपरा वर सारून पाहिला. तोआकासे मात्र निवांत. "नस शाबूत आहे, रुसली आहे नुसती. काही आठवड्यांत येईल घरी."

लुपे पलंगावर चढली. "आत्या, खूप दुखतं?"

दोन्ही भुवया वर गेल्या. बरोबरीनं, डावीसुद्धा.

"हलल्या!" लुपे टाळ्या पिटत म्हणाली. "आत्या, तुझा ओठ मात्र पाद्रीबाबांसारखा दिसतो."

"तुझा होऊ दे, मग बघते," वन्सं तिरक्या तोंडानं म्हणाल्या.

गुरुवारी लुपे आत गेली. मी वन्संच्या खोलीत बसले. वन्सं पलंगावर, बँडेजखाली ताठ. माझं बोट त्यांनी धरलं ते सोडलं नाही. तोआकासे शस्त्रक्रिया संपवून आली तेव्हा तिच्या कपाळावर टोपीचा वळ होता आणि चेहरा हसरा. "अख्खी निघाली. पाचही बोटं जागेवर." तपासणीचा निकाल पुढे आला, तोही स्वच्छ आला. पण सांगायची आहे ती शुक्रवारची सकाळ.

लुपेला आत्याच्याच खोलीत ठेवलं होतं. बहीण आत निजलेली, म्हणून सिओसाइआ रात्रभर दाराबाहेर. उजाडताच त्यानं हाक मारली.

"लुपे, बाळा, बरी आहेस का?"

आतून काही आवाज नाही.

"ताई? पोर बरी आहे ना?"

तरी नाही. त्याचा आवाज फाटला. "फुसी! कुणी बोलत का नाही?"

मी पलंगांकडे पाहिलं. भाची उशीवर, आत्या उशीवर, दोघींची डोकी बांधलेली. दोघी बंद दाराकडे बघत होत्या आणि दोघींच्या चारी भुवया कपाळात चढल्या होत्या. त्या केव्हाच्या हो म्हणत होत्या.

मी दार उघडून बाहेर गेले. नवरा भिंतीला टेकून उभा होता, ओठ पांढरे पडलेले. मी त्याच्याकडे पाहिलं आणि भुवया उचलल्या.