विनीतच्या मागे कोण

शिमग्याची पालखी अंगणात टेकली तेव्हा माझं लक्ष देवीकडे नव्हतं, मोठ्या दिरांच्या तोंडाकडे होतं.

माझा नवरा विनीत गेल्या पावसाळ्यात जहाजावर नोकरीत असतानाच वारला. कंपनी आमच्या चार वर्षांच्या मनस्वीला दरमहा पैसे देणार होती. तेवढ्यात गुरुप्रसाद भावोजींनी कंपनीच्या रत्नागिरीच्या ऑफिसात लिहून दिलं, पोर माझ्या भावाची नाही. का, तर विनीत सुट्टीवर आला त्यानंतर सातव्याच महिन्यात ती जन्मली. पोरीचा हिस्सा गेला की तो तिच्या आजीकडे, माझ्या सासूबाईंकडे, म्हणजे भावोजींच्याच हातात. विनीत नाही, तर सख्ख्या काकाचं रक्त पोरीशी जुळवून बघू या म्हटलं, तर भावोजी रक्त द्यायला तयार नाहीत! पैशाचं एक वेळ सोडा. पण वाडीतल्या बायका पोरीचं नाकडोळे निरखायला लागल्या तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाऱ्हाण्याचा मान भावोजींचा. दर वर्षी ते घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवीकडे राखण मागतात आणि जमलेली वाडी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणते. वाडीने होकार दिल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. विनीत जहाजावरून व्हिडिओ कॉलवर बघायचा आणि तिकडून हात वर करून ओरडायचा. मनस्वी त्याच्याकडूनच शिकली.

भावोजींनी नारळ धरला. सासूबाईंचं नाव झालं, भावोजींच्या स्वतःच्या मुलांची झाली. मग ते थांबले. मी मनस्वीला कडेवर घेतलं.

"आये, माझ्या भावाच्या मागं कोन ऱ्हायला नाय. त्याच्या जीवाला शांती दे."

कोणी बोललं नाही. ढोलवाल्याचा हातही थांबला. इतके महिने कुजबुजणारी वाडी देवीपुढे मान खाली घालून उभी राहिली.

"व्हय म्हाराजा!"

माझ्या कडेवरून मनस्वी ओरडली. एकटीच, बापासारखा हात वर करून. कोणी साथ देईना म्हणून तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली.

मला रडूच फुटलं. भावोजींनी पोरीकडे पाहिलं, मग पालखीकडे.

"चुकलं, आये," त्यांनी नारळ पुन्हा वर धरला. "विनीतची लेक हाय, मनस्वी. तिला सांबाळ."

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली. मनस्वी मात्र या वेळी गप्प. एवढ्या लोकांत आपलं नाव ऐकून ती लाजली आणि माझ्या खांद्यात तोंड लपवून बसली.

पालखी उठली तशी मी पोरीला घेऊन भावोजींच्या वाटेत उभी राहिले.

"उद्या पहिल्या एसटीने ऑफिसात चला. हेच तिकडे बोला."

त्यांनी मान वर केली नाही.

"व्हय," ते म्हणाले.