मागे बसणारीचा टायर

महाळुंग्याच्या अलीकडच्या उतारावर भिमाबाई चिखलातून उठली ती थेट थर्मासकडे धावली. उचलून हलवला तर आत काचा खुळखुळल्या. बर्फात जपून आणलेली लस गेली. आणि तिकडे उपकेंद्रात बाया पोरांना टोचून घ्यायला बसल्या होत्या.

तिचा नवरा विलास तोवर राजदूत मोटारसायकल उभी करत होता. त्याच्या पँटवर नुसते शिंतोडे. काळ्या मातीत मागचं चाक सरकलं की दर वेळी असंच व्हायचं. हँडल हातात असल्यामुळे तो पाय टेकून सावरायचा, आणि एका अंगाने बसलेली भिमाबाई खाली सांडायची.

"तू नीट धरून बसत नाहीस," विलास म्हणाला.

मागचा टायर घासून तळहातासारखा गुळगुळीत झाला होता, हे ती आषाढापासून सांगत होती. ती महाळुंग्याच्या उपकेंद्रातली नर्स. राहायला दोघं पिंपरीत. विलास पंपाच्या कंपनीत दुसऱ्या शिफ्टला होता, म्हणून सकाळी तिला सोडायला यायचा. कंपनीत तो कोरडा पोचायचा. उपकेंद्रात ती चिखलाने माखलेली पोचायची.

त्या दिवशी रुक्मिणीबाई नावाची बाई नातू कडेवर घेऊन पार वाडीवरून चालत आली होती. "नर्सबाई, आता पुन्यांदा कवा यायचं? पोराला घिऊन एवढं चालनं व्हतंय व्हय?" दुपारी डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिला झापलं, की सरकारी लस चिखलात ओतायला दिलेली नाही. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. आतून मात्र ती नुसती धुमसत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "रविवारी टायर घ्यायला मी बरोबर येणार. चिखल धरील असाच घ्यायचा."

"ये की," विलास म्हणाला.

आणि शनिवारी तो नवा टायर बसवूनच घरी आला. टायर काळाभोर चकचकीत, त्यावर चाकाभोवती फिरणाऱ्या सरळ रेघा. "हायवेला लोण्यासारखी पळते गाडी," तो खुशीत म्हणाला. "दुकानदार यशवंतरावांनी स्वतः निवडून दिला."

"यशवंतराव माझ्या जागेवर बसतात का?"

"अगं, त्यांचा धंदा आहे तो. त्यांना कळतं."

"आणि पडते मी, ते मला कळत नाही?"

रविवारी सकाळी तिने त्याला निगडीला यशवंतरावांच्या दुकानात आणलंच. यशवंतरावांनी हसून स्टूल पुढे केलं. "वहिनी, तुम्ही आत पंख्याखाली बसा. टायरचं आम्ही बघतो." मग तिच्याकडे पाठ करून ते विलासला समजावू लागले, की जाड गट्ट्यांचे टायर गवळी लोक घेतात, कंपनीतल्या माणसाच्या गाडीला ते शोभत नाहीत.

भिमाबाई बसली नाही. "यशवंतराव, मी इकडे उभी आहे. माझ्याशी बोला. शोभेसाठी मला टायर नकोय."

मेकॅनिक ज्योतीराम पाना हातात धरून तसाच थांबला.

"चालवूनच बघू," ती म्हणाली. "ज्योतीरामभाऊ, गाडी तुम्ही चालवा. आणि अहो, तुम्ही मागे बसा. एका अंगाने, मी बसते तसे. ही पिशवी मांडीवर घ्या."

"लोक बघतायत," विलास पुटपुटला.

"मला रोज बघतात."

प्राधिकरणाचे नवे रस्ते तेव्हा नुसते आखलेले होते. खडी पडायची होती, पावसाने सगळा राडा झाला होता. ज्योतीरामने गाडी सावकाश त्यात घातली. विलास एका अंगाने, पाय जोडून, पिशवी कवटाळून बसला होता. पहिल्याच चढाला रेघांमध्ये माती भरली, चाक जागच्या जागी फिरलं, गाडीचं बूड आडवं गेलं आणि विलास पिशवीसकट राड्यात बसला.

"अरे नीट चालव की राव!" तो ओरडला.

"मी सायकलच्या वेगानं चाललोय, विलासराव. मागचं चाकच राहीना."

भिमाबाईला हसू आलं नाही. तिला वाटलं होतं येईल. उलट राग आणखीच वर आला, कारण त्याला कळायला एकदा पडावं लागलं, आणि तिचं इतक्यांदा पडणं पुरेसं ठरलं नव्हतं.

ज्योतीरामची स्वतःचीही राजदूत होती, बंद पडलेल्या गाड्या आणायला खेड्यापाड्यांत फिरायची. तिला मागे गट्ट्यांचा टायर होता. आता भिमाबाई स्वतः मागे बसली. त्याच चढाला चाकाने चिखलाचे गोळे उडवले, पण गाडी सरळ वर गेली. मग तिने गाडी डांबरीवर घ्यायला लावली. तिथे सीट घूं घूं करत थरथरू लागलं, आणि ओल्या वळणावर चाक जरासं सरकलं तसं तिने सीट घट्ट धरलं.

"डांबरीवर बेताने चालवावी लागेल," उतरल्यावर ती म्हणाली. "मला वाटलं होतं तितका हा गुणाचा नाही. पण चिखलात हाच."

"असं करा," ज्योतीराम म्हणाला, "दोन्ही चाकांचं माप एकच आहे. रेघांचा पुढे घालू, तो वळताना दिशा धरतो. गट्ट्यांचा मागे."

यशवंतराव चिखलाने भरलेला टायर परत घेणार नव्हतेच, त्यामुळे त्यांनाही ते पटलं. "मीही तेच सुचवणार होतो," ते विलासला म्हणाले. भिमाबाईने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या लसीच्या दिवशी थर्मास धड पोचला. रुक्मिणीबाईच्या नातवाने टोचताना भोकाड पसरलं, आणि भिमाबाईला ते रडणं गोड वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी ती स्वयंपाकघरात भाकरी थापत असताना बाहेरून विलासचा आवाज आला. शेजारच्या कोंडीरामला तो गाडी दाखवत होता. "पुढे रेघांचा, मागे गट्ट्यांचा. मीच ठरवलं. जरा डोकं चालवावं लागतं, भावा."

भिमाबाई पिठाच्या हातांनीच दारात आली. "कोंडीरामभाऊ, तुम्ही टायर घ्याल तेव्हा आधी मागच्या सीटवर बसा. ह्यांना विचारू नका. हे एकदाच बसलेत, तेही पडले."

कोंडीराम खो खो हसला. विलासचे कान लाल झाले. ती आत गेली आणि रात्री त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

सकाळी विलासने गाडीला किक मारली, मान वळवून पाहिलं आणि हळूच विचारलं, "बसलीस?"

"निघा," ती म्हणाली. लस वितळत्या बर्फावर होती, तिला थांबता येणार नव्हतं.